दुसऱ्या टाकीचं कनेक्शन

छत्रपती संभाजीनगरात भाड्याचं घर बघायला आलेला माणूस हॉल बघत नाही, स्वयंपाकघर बघत नाही. आधी गच्चीवर जातो. काळ्या टाकीवर बोटांनी टकटक करून ती किती लिटरची आणि आत्ता किती भरलेली, हे आवाजावरून ओळखतो. खाली येऊन हौदाचं झाकण उचलतो, आत डोकावतो, आणि मगच विचारतो, "भाडं किती म्हणालात?" नळाला पाच-सहा दिवसांनी, कधी आठवड्याने पाणी येणाऱ्या गावात वास्तुशास्त्राचा नंबर टाकीनंतर लागतो. जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी, न्हाणीघरात पिंप, पिंपाशेजारी बादल्या, आणि पाहुणे येणार असले तर मोठा कुकरसुद्धा भरून ठेवलेला. इथल्या माणसाला 'किती लागतं?' हा प्रश्न विचारून उपयोग नाही. त्याला 'किती मावतं?' एवढंच कळतं.

अशा घरातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क रिकामी राहणं शक्यच नव्हतं.

आमच्या डिस्कमध्ये मुख्यतः वेरूळ होतं. सिडकोत राहणाऱ्या माणसाची नातेवाइकांना आठवण दोन कारणांनी होते : घाटी दवाखान्यात पेशंट दाखवायचा असेल तर, नाही तर लेणी बघायची असतील तर. दुसऱ्या प्रकारचे पाहुणे आले की दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ आणि परतताना मकबरा असा मार्ग ठरलेला. फोटो काढायच्या जागाही ठरलेल्या. कैलास लेण्याच्या अंगणातल्या दगडी हत्तीसमोर आमच्या घराण्यातला प्रत्येक माणूस उभा राहिलेला आहे. काही जण दोनदा, कारण मध्ये लग्न झालं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कारागिरांनी अख्खा डोंगर वरून खाली कोरत हे देऊळ काढलं. छिन्नी चुकली तर दगड परत चिकटवता येत नव्हता, म्हणून त्यांनी एकदाच आणि बरोबर कोरलं. आमच्या पाहुण्यांकडे डिजिटल कॅमेरा होता, त्यामुळे प्रत्येक हत्ती आठ वेळा आला आणि त्यातल्या सातांत कुणाचे तरी डोळे मिटलेले आहेत.

त्यात महालक्ष्म्यांचे दरवर्षीचे फोटो, मेहुणीच्या लग्नाचं पूर्ण लांबीचं चित्रीकरण (अक्षता संपल्यानंतरचा जेवणाचा भाग धरून), अण्णांनी स्कॅन करून ठेवलेली परिपत्रकं, आणि शिक्षणासाठी आमच्याकडे राहणाऱ्या भाच्याचे गेम. सी ड्राइव्हची पट्टी निळ्याची लाल झाली. घरात एकमताने ठराव झाला की दुसरी डिस्क घ्यायची. अनावश्यक फोटो काढून टाकावेत अशी सूचना मी मांडली होती. तिला अनुमोदक मिळाला नाही.

चार टीबीची डिस्क कॅनॉटमधून आली. हातात घेतल्यावर जड लागते. माणसाला वाटतं, आत काहीतरी असणार. खरं तर आत चकत्या आणि त्यांच्यावर तरंगणारी टोकं असतात. बहुतेक घरगुती डिस्कच्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि टोक चकतीपासून काही नॅनोमीटरवर राहतं. म्हणजे धुळीचा एक कणही तिथे डोंगर. हे वाचल्यापासून मी डिस्क दोन्ही हातांनी, तीर्थ घेतल्यासारखी धरतो. पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएमने आणली, तिच्यात चोवीस इंची पन्नास चकत्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची. आजच्या मोबाइलने काढलेला एक हत्ती तिच्यात जेमतेम मावला असता. डोळे मिटलेला.

सीपीयू उघडणं (आपल्याकडे अख्ख्या पेटीला सीपीयूच म्हणतात, आणि दुकानदारही समजतो) हा आमच्या घरी समारंभ असतो. एरवी तो वर्षातून एकदा, खंडेनवमीला, हळदकुंकू लावण्यापुरता पुढे ओढला जातो. भाच्याने बाजूचा पत्रा काढला. आतली धूळ बघून बायकोने मान फिरवली आणि शेजारच्यांना दिसू नये म्हणून दार लोटून घेतलं. भाचा मूळचा परतूरचा. त्याचा आत्मविश्वास तिकडच्या उन्हात वाळवलेला. "लई सोपंय मामा," तो म्हणाला, "दोनच वायरी असतेत. एक पावरची, एक डेटाची." वर्षभरापूर्वी कॉम्प्युटर पळायला लागावा म्हणून त्यानेच बोर्डावर एम टू नावाची बोटभर पट्टी बसवली होती, आणि कॉम्प्युटर खरोखर पळायला लागला होता. त्यामुळे त्याच्या शब्दाला घरात वजन होतं. त्याने डिस्क खाचेत सरकवली, दोन वायरी लावल्या, डेटाची वायर बोर्डाच्या कडेच्या, हात सहज पोचणाऱ्या पोर्टात खोचली आणि बटण दाबलं.

विंडोज सुरू झाली. डिस्क नाही. बायोसमध्ये गेलो. तिथे एम टू होती, डीव्हीडी रायटर होता, डिस्क नव्हती. हात लावला तर डिस्क आत गुणगुणत होती. म्हणजे वीज पोचत होती, चकत्या फिरत होत्या, आणि तरीही बोर्डाच्या लेखी ती घरात आलेलीच नव्हती.

इथे जरा थांबून एक सांगायला हवं, की दुसरी डिस्क पहिल्या झटक्यात दिसली असं मी कुणाकडूनही ऐकलेलं नाही. आजच्या मुलांचं तरी एका वायरीला एक डिस्क असं सरळ आहे. आम्ही चाळीस जीबीवर संसार केला त्या दिवसांत आयडीई नावाची चपटी, हातभर रुंद वाटणारी वायर असायची. चाळीस पिनांची, एका कडेला लाल रेघ. त्या एका वायरीवर दोन डिस्क बसायच्या आणि दोघींपैकी मास्टर कोण, स्लेव्ह कोण, हे डिस्कच्या पाठीमागे जंपर नावाचं टोपण लावून ठरवावं लागायचं. हे टोपण इतकं बारीक, की हातातून पडलं की घरातले सगळे जमिनीवर रांगत असायचे. दोन्ही डिस्क मास्टर झाल्या की बहुतेक वेळा एकही दिसायची नाही. दोन्ही स्लेव्ह झाल्या तरी तेच. काही कंपन्यांच्या डिस्कवर आणखी एक खुबी होती : एकटीच असेल तर जंपर एका जागी आणि जोडीला दुसरी आली तर दुसऱ्या जागी. म्हणजे बिघाड असायचा जुनीच्या पाठीवर आणि तासन्‌तास शिव्या खायची नवी.

मास्टर-स्लेव्ह या शब्दजोडीवर पुढे अमेरिकेत वाद झाला. २००३ साली लॉस एंजेलिस काउंटीच्या खरेदी विभागाने पुरवठादारांना पत्र पाठवून उपकरणांवर हे शब्द टाळायला सांगितलं. त्यांचं बरोबरच होतं. पण आमच्या गावाला हे पत्र आलं असतं तर गाव विचारात पडलं असतं. कारण हे गाव वसवलंच एका गुलामाने. इथिओपियात जन्मलेला, बाजारोबाजार विकला जात दख्खनमध्ये आलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला, त्याने जहांगीराला कधी शांत झोपू दिलं नाही आणि १६१० मध्ये खडकी या नावाने हे गाव वसवलं. तख्तावर मुर्तजा निजामशहा होता. लेबल मास्टरचं त्याच्याकडे, पण सगळी शाही बूट व्हायची ती अंबरवरून. आणि या माणसाने गावाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती, तर पाणी. डोंगरातलं पाणी जमिनीखालून नळांनी गावात आणणारी नहर-ए-अंबरी. तिला जागोजागी झरोके ठेवले होते, हवा खेळायला आणि पाणी कुठे अडलं ते बघायला. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी हे झरोके पाहिले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.

डिस्क दिसत नाही ही बातमी गल्लीत संध्याकाळपर्यंत पोचली. नळाला पाणी नाही आलं की जशी माणसं आपोआप गोळा होतात तशीच झाली. वाळूजच्या कारखान्यात हयात घालवलेले शेजारचे काका आले, टेस्टर घेऊनच. त्यांचं निदान दारातच झालं : अर्थिंग. काकांच्या मते जगातले नव्वद टक्के बिघाड अर्थिंगचे असतात आणि उरलेल्यांत माणसं अर्थिंग तपासायला विसरलेली असतात. त्यांनी सॉकेट तपासलं, मागच्या खोलीतलं तपासलं, मग गीझर. गीझरचं अर्थिंग खरोखरच सुटलेलं निघालं. ते दुरुस्त करून, चहा घेऊन, विजयी मुद्रेने काका गेले. डिस्क होती तशीच.

वरच्या मजल्यावर एमपीएससीचा अभ्यास करणारा मुलगा राहतो. त्याने प्रश्न नीट ऐकून घेतला, चार पर्याय सांगितले, आणि त्यांपैकी दोन विधानं बरोबर असल्याचं सांगून वर गेला. कोणती, ते सांगितलं नाही.

पुण्याचे मेहुणे व्हिडिओ कॉलवर आले. आयटीत असल्यामुळे त्यांनी सल्ला दिला नाही, निकाल दिला. "तुमच्याकडे लोकल माल देतात. डिस्क डेड आहे. परत करा." ती सीलबंद होती, अख्ख्या जगात विकली जाते तीच होती, असं मी म्हणालो. "तरी पण," ते म्हणाले. या 'तरी पण'ला उत्तर नसतं.

कुणी तरी सांगितलं, विंडोज मारा. आपल्याकडे विंडोज टाकत नाहीत, मारतात. मारल्यावर नीट चालते, असा लोकांचा अनुभव आहे. पण जी डिस्क बायोसलाच दिसत नाही ती विंडोज मारून कशी दिसेल, हा प्रश्न भाच्याने विचारला आणि सांगणारा म्हणाला, "मारून तर बघा." एकाने बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदलायला सांगितला. सेल बदलला. कॉम्प्युटरचं घड्याळ मागे गेलं, बाकी सगळं जागच्या जागी. वायर बदलून पाहिली. एसएमपीएसची दुसरी तार लावली. चकत्या आणखी जोमाने फिरल्या.

एक गोष्ट या काळात लक्षात आली. प्रत्येकाला स्वतःच्या हाताखालून गेलेला एकच बिघाड ठाऊक असतो आणि तो तोच बिघाड सगळीकडे शोधतो. अर्थिंगवाला अर्थिंग, सेलवाला सेल. हृदयाचा डॉक्टर पायाची पोटरी दुखली तरी ईसीजी काढतो, त्यातलाच प्रकार. आणि सगळ्यांचा संशय नव्यावर. जुना बोर्ड, जुनी पट्टी, जुनी वायर यांच्याकडे कुणी वाकड्या नजरेने पाहिलं नाही, कारण ती काल चालत होती.

शेवटी डिस्क पैठण गेटच्या गल्लीत नेली. तिथे हात-दोन हात रुंदीच्या दुकानात एक उस्ताद बसतात. समोर तीन उघडे बोर्ड, बाजूला सोल्डरिंग आयर्न, कानावर पेन्सिल आणि काउंटरवर शाळेतलं पांढरं खोडरबर. या खोडरबराने त्यांनी आयुष्यात किती रॅम घासून जिवंत केल्या असतील त्याला गणती नसावी. त्यांनी माझं बोलणं अर्ध्यात तोडलं. "रॅम कू कार्बन आया होगा साब." रॅम घरी आहे म्हटल्यावर त्यांना जरा वाईट वाटलं. मग त्यांनी एक काम केलं जे आतापर्यंत कुणालाच सुचलं नव्हतं : आमची डिस्क स्वतःच्या मशिनला लावली. दोन सेकंदांत पडद्यावर नाव आलं, चार टीबी, ठणठणीत.

"डिस्क तो जिंदा है साब."

"मग आमच्याकडे का दिसत नाही?"

त्यांनी डिस्क काढून कागदात गुंडाळून हातात दिली. "घर का मामला है. घर में देखो."

पैसे घेतले नाहीत. घरी जाऊन रॅमवर मात्र एकदा रबर माराच, असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती. पाणी असलं की या गावात बाकी काही नसतं. ऑफिसला उशीर, शाळेला उशीर, लग्नाचा मुहूर्त असेल तर गुरुजींच्या घरचंही पाणी त्याच दिवशी असतं म्हणून मुहूर्ताला उशीर. पहाटे चारला मोटर लावायची, हौद भरायचा, हौदातून टाकी, टाकी भरल्यावर भांडी. सीपीयू उघड्या पोटी कोपऱ्यात पडून. त्या दिवशी नेमकं पाणी आलंच नाही. जायकवाडी धरणापासून फारोळ्यापर्यंत, तिथून शहरापर्यंत इतकी लांब वाट आहे, की मध्ये कुठे काय झालं ते वर्तमानपत्रातूनच कळायचं. गल्लीत तपास सुरू झाला. एकाने स्वतःची मोटर उघडली, दुसऱ्याने फूटव्हॉल्व्ह काढला, काकांनी मोटरचं अर्थिंग पाहिलं. तासाभराने व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस सायकलवरून आला आणि न थांबताच म्हणाला, "वरूनच बंद आहे."

सगळे आपापले पाने घेऊन घरात गेले. अण्णा मात्र ओट्यावर बसून राहिले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी परिपत्रकं वाचली, तीही शेवटाकडून. त्यांचा सिद्धांत असा, की काय मिळणार ते वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि कुणाला मिळणार नाही ते खाली बारीक टिपेत. सरकारी माणसाने टीप आधी वाचावी. त्यांनी विचारलं, "या कॉम्प्युटरचं परिपत्रक कुठाय?"

परिपत्रक म्हणजे मदरबोर्डाचं माहितीपुस्तक माळ्यावर होतं, अर्थात खोक्यासकट. आमच्या माळ्यावर घरातल्या प्रत्येक वस्तूचं खोकं आहे. काही वस्तू मोडून गेल्या, खोकी टवटवीत आहेत. अण्णांनी भिंग घेतलं आणि पुस्तक शेवटच्या पानापासून वाचायला काढलं. जपून ठेवण्याच्या सूचना, विजेपासून सावधगिरी, चिनी, कोरियन, आणि मग इंग्रजीत एक तक्ता. तक्त्याखाली फुली. फुलीची टीप. ती टीप त्यांनी मोठ्याने, खणखणीत आवाजात वाचली. मराठीत तिचा अर्थ असा : एम टू खाचेत साटा जातीची पट्टी बसवलेली असेल, तर साटा क्रमांक चारचं पोर्ट काम करणार नाही.

भाच्याने आत वाकून पाहिलं. कडेचं, हात सहज पोचणारं पोर्ट चार नंबरचंच होतं.

प्रकार साधा आहे. बोर्डावरच्या मुख्य चिपमधून निघणाऱ्या वाहिन्या मोजक्याच असतात, आणि विकताना तर खाचा भरपूर दाखवायच्या असतात. मग कंपन्या एका वाहिनीला दोन तोट्या काढतात. एक चालू झाली की दुसरी आपोआप बंद. दिसायला दोन्ही जागेवर, दोन्ही चकचकीत, दोन्हींना नंबर. कुठल्या बोर्डावर चार नंबर बंद होतो, कुठल्या बोर्डावर पाच-सहा. सगळ्यांवर होतं असंही नाही. कुठेही लाल दिवा लागत नाही, पाटी येत नाही.

"पण पोर्ट तर दिसायलंय ना आजोबा!" भाचा चिडून म्हणाला.

"नळ आपल्याकडेही दिसतो," अण्णा म्हणाले.

वायर शेजारच्या तीन नंबरात खोचली. बायोसने लगेच डिस्कचं नाव घेतलं, आजवर आपण काही वेगळं वागलो आहोत याची खंत न बाळगता. बायकोने साखर वाटली. काका आले, त्यांनी पुन्हा एकदा सॉकेट तपासलं आणि अर्थिंग चांगलं झाल्याचा परिणाम असल्याचं सांगितलं.

आनंद विंडोज सुरू होईपर्यंत टिकला. 'धिस पीसी'मध्ये परत सी आणि डीव्हीडी रायटर. ज्यांना हे ठाऊक नाही अशी किती माणसं याच पायरीवर डिस्क परत करायला गेली असतील! कोरी डिस्क बोर्डाला दिसली तरी विंडोज तिला घरात घेत नाही. तिच्यावर आधी नोंदीचा तक्ता मांडावा लागतो, मग पार्टिशन पाडावं लागतं, मग फॉरमॅट मारावा लागतो, मग अक्षर द्यावं लागतं. डिस्क मॅनेजमेंट नावाची खिडकी उघडली, तिने विचारलं, एमबीआर की जीपीटी? भाच्याने पहिल्या नावावर बोट ठेवलं, कारण ते पहिलं होतं. आणि डिस्कचे दोन तुकडे दिसले : २०४८ जीबीचा एक, जो वापरता येत होता, आणि १६७८ जीबीचा दुसरा, ज्याला काही केल्या हात लावता येत नव्हता.

हा एमबीआर १९८३ सालचा. तेव्हा घरगुती कॉम्प्युटरमध्ये १० एमबीची डिस्क म्हणजे श्रीमंती. ज्याने तक्ता आखला त्याने जागेचा क्रमांक लिहायला बत्तीस बिटांचे रकाने ठेवले. ५१२ बाइटचा एक कप्पा धरला तर त्या रकान्यांत दोन टीबीपुढचा क्रमांक मावतच नाही. त्याला वाटलं असेल, कुणाला लागणार आहे एवढं. तो आमच्या पाहुण्यांना भेटला नव्हता. डिस्क कोरीच होती, त्यामुळे तक्ता पुसून जीपीटी मांडायला काही नुकसान नव्हतं. दोन तुकडे एक झाले. अक्षर मिळालं ई. ए आणि बी जुन्या फ्लॉपींसाठी राखलेली, त्या गेल्या तरी राखीवच. डी डीव्हीडी रायटरकडे. त्याचा ट्रे वर्षानुवर्षं उघडलेला नाही, पण अक्षर त्याने सोडलेलं नाही.

मग अण्णांनी भिंग घेऊन आकडा वाचला. खोक्यावर ४ टीबी, पडद्यावर ३.६३.

"उरलेलं कुठं गेलं?"

मी समजावून सांगितलं, की कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज एक हजार चोवीसने. बाइट तेवढेच आहेत, मापं वेगळी. म्हणून एक टीबीची डिस्क घेतली की ९३१ जीबी दिसते. कुणी काही खाल्लेलं नाही.

अण्णांनी ऐकून घेतलं. "मृतसाठा," ते म्हणाले. "जायकवाडी कागदावर १०२ टीएमसी. वापरायला मिळतं ७६. मधलं तळाशी असतं, आहे म्हणायचं आणि हात लावायचा नाही." त्यांना खात्यात चौतीस वर्षं झाली होती आणि विंडोज त्यांनी निवृत्तीनंतर पाहिली, त्यामुळे कुठल्या अनुभवावर विश्वास ठेवायचा ते त्यांचं ठरलेलं होतं. मीही नाद सोडला. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, तिथल्या डिस्कच्या कारखान्यांत पाणी शिरलं आणि जगभर डिस्कच्या किमती कडाडल्या, तेव्हाही ते असंच काहीतरी म्हणाले होते. जगात पाणी एकूण पुरेसं आहे, पडतं चुकीच्या जागी, अशा अर्थाचं.

प्रश्न उरला वाटपाचा. एकच मोठं पार्टिशन ठेवावं असं माझं मत. बायकोला लग्नाच्या चित्रीकरणाला स्वतंत्र जागा हवी होती, जिथे भाचा फिरकणार नाही. अण्णांनी समन्यायी वाटपाची मागणी केली. मेंढेगिरी समितीचा २०१३ चा अहवाल त्यांना जवळजवळ पाठ आहे. जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडावं, हे त्यातलं तत्त्व कॉम्प्युटरलाही लागू होतं असं त्यांचं म्हणणं. चर्चा रात्री उशिरापर्यंत चालली. परिपत्रकांना किती, महालक्ष्म्यांना किती, वेरूळला किती. वेरूळच्या हत्तीपाशी गाडी अडली, कारण कुठला फोटो कुणाच्या वाट्याला जाणार यावर माहेर-सासर असा प्रश्न निघाला.

सकाळी उठून पाहिलं तर ई ड्राइव्हमध्ये भाच्याचे गेम उतरून बसलेले. एकेक गेम शंभर जीबीच्या पुढचा. रात्री सगळे झोपल्यावर त्याने डाउनलोड लावून दिलं होतं. मोठ्यांचा निर्णय होईपर्यंत जागा रिकामी कशाला ठेवायची, असा त्याचा सरळ विचार. "वरचा माणूस आधी अडवणारच," अण्णा एवढंच बोलले आणि कागद मागितला.

अर्ज कोऱ्या फुलस्केपवर, समास सोडून, शाईपेनाने लिहिला गेला. प्रति, तांत्रिक सहायक, ई ड्राइव्ह. विषय : परिपत्रकांसाठी ३०० जीबी जागा सोडणेबाबत. संदर्भ : काल रात्रीची तोंडी चर्चा. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, खालच्या बाजूच्या लाभधारकांवर अन्याय होत असून आपल्या स्तरावरून तातडीने योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती. आपला विश्वासू. खाली सही आणि तारीख.

भाच्याने हेडफोन न काढताच अर्ज वाचला आणि समासात शेरा मारला : 'सेमिस्टर झाल्यावर बघू.' अण्णांनी कागद परत घेतला, शेरा भिंगातून नीट वाचला, त्याला जावक क्रमांक नाही म्हणून परत पाठवला.